रद्दीत चाललेला पुरावा

त्यांच्या पोथ्या तांबड्या रुमालात बांधून जपल्या जातात. आपले अंक रद्दीवाल्याच्या तागडीत पडतात. टाकणारे हात, खेदाने म्हणावे लागते, आपलेच! १९५४ च्या कायद्याने प्रत्येक नव्या ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास देणे प्रकाशकावर बंधनकारक केले. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. परंतु शिवराम जानबा कांबळे यांचे १९०८ चे ‘सोमवंशीय मित्र’ किंवा १९२० चा ‘मूकनायक’ यांना तो कायदा कसा पोचणार? पाणवठा आम्ही कधी अडवलाच नव्हता, असे उद्या कोणी म्हणाले, तर वकिलाने पुढे काय ठेवावे? घरातील ट्रंक आजच उघडा. अंक ग्रंथालयात द्या, नोंदवहीत नोंद करवून घ्या आणि पोच मागा.