पहिली बोली सूत्रसंचालकाची



हिंगणघाटच्या यार्डात कापसाची गाडी घेऊन उभे राहणाऱ्याला हर्रास शिकवावा लागत नाही. पहिली बोली कोणत्या आकड्यावर निघाली, यावरून शेवटचा भाव कुठे थांबेल हे त्याला कळते. बोली काढणारा स्वतः एक बोंडही विकत घेत नाही, तरी भावावर त्याचा हात असतो. टीव्हीवरच्या राजकीय चर्चेतला सूत्रसंचालक हा असाच बोली काढणारा आहे.

रात्रीची चर्चा पाहून सकाळी पारावर बोलणे होते ते प्रवक्त्यांचे. याने त्याला कसे झोपवले, त्याने कशी तोंडपाटीलकी केली. कुस्ती सगळे पाहतात. जोड कोणी लावली आणि कोणाला आखाड्यातच उतरू दिले नाही, हे कोणी विचारत नाही.

उदाहरण आपल्या कापसाचे घ्या. जूनमध्ये आपण सरकी टोबली तेव्हा परदेशी कापसावर 11 टक्के आयात शुल्क होते. पीक पात्या-फुलांवर असताना, 19 ऑगस्ट 2025 पासून, केंद्र सरकारने ते शुल्क काढून टाकले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला पहिला, दुसरा वेचा बाजारात येईल नेमका तोच काळ. मध्यम धाग्याचा हमीभाव 7710 रुपये, लांब धाग्याचा 8110 रुपये जाहीर झाला होता. जाहीर करणारे सरकार तेच आणि बांध फोडणारेही तेच.

आता यावर चर्चा लावायची झाली तर प्रश्न दोन प्रकारे मांडता येतो. ‘अमेरिकेच्या करापासून कापड उद्योग वाचेल का?’ असा मांडला, की गिरणीवाला बोलावला जातो, अर्थतज्ज्ञ बोलावला जातो, दोन पक्षांचे प्रवक्ते येतात. कास्तकाराला शेवटच्या दोन मिनिटांत ‘थोडक्यात सांगा’ म्हटले जाते. ‘पेरणीनंतर नियम बदलून शेतकऱ्याचा भाव कोणी पाडला?’ असा मांडला, तर मंत्र्याला पहिले उत्तर द्यावे लागते. माणसे तीच, स्टुडिओ तोच. निकाल मात्र प्रश्नातच लागलेला असतो.

कर्जमाफीचे तसेच. ‘सरकारच्या तिजोरीवर किती बोजा?’ हा प्रश्न नेहमी पहिला. कर्ज झाले कशाने, हा प्रश्न येईपर्यंत जाहिराती सुरू होतात. आणि जाहिराती देणाऱ्याला कापडाचे गिऱ्हाईक हवे असते, कापसाचे नव्हे. ज्वारीचे तर नावही निघत नाही. तिच्यावर भांडायला प्रवक्ता कोण पाठवणार?

बाकीची हत्यारे लहान, पण धारदार आहेत. एकाला सलग बोलू द्यायचे, दुसऱ्याला तिसऱ्या वाक्याला तोडायचे. माईकचा आवाज खाली करायचा. चर्चा चालू असतानाच खालच्या पट्टीत निकाल लिहून टाकायचा. आणि शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवायचा.

कोणी म्हणेल, टीव्ही म्हणजे करमणूक, एवढे काय मनावर घ्यायचे? मनावर घ्यायचे, कारण खरी चर्चा जिथे व्हायची तिथे ती होत नाही. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत दोन कृषी विधेयके आवाजी मतदानाने, गोंधळात मंजूर झाली. 29 नोव्हेंबर 2021 ला तिन्ही कायदे रद्द करणारे विधेयक मंजूर झाले, तेही दोन्ही सभागृहांत चर्चेविना. आणताना मतांची मोजणी नाही, नेताना चर्चा नाही. मधल्या वर्षभरात वाद झाला तो पडद्यावर, आणि तिथे दोनच खुर्च्या मांडलेल्या: सरकारवाला आणि आंदोलनवाला. बाजार खुला हवा, पण कायद्याच्या मसुद्यात खोट आहे, असे म्हणणाऱ्याला तिसरी खुर्ची नव्हती. गहू-धानाची खरेदी ज्याच्या दारात कधी आलीच नाही, त्या कोरडवाहू कापूसवाल्यालाही नव्हती. सभागृहाच्या अध्यक्षाला निदान नियमांचे पुस्तक असते. ते तो पाळो न पाळो, दाखवता तरी येते. सूत्रसंचालकाला काय दाखवणार?

सर्वोच्च न्यायालयाने 21 सप्टेंबर 2022 ला द्वेषपूर्ण भाषणांच्या प्रकरणात अँकरच्या जबाबदारीवर बोट ठेवले. 2023 च्या सप्टेंबरमध्ये विरोधी आघाडीने 14 अँकरांवर बहिष्कार टाकला. त्याने आपले काय झाले? खुर्ची होती तशीच राहिली. शेतकऱ्यांसमोर बसून उत्तरे द्यायला तेही पक्ष उत्सुक नाहीतच. अमेरिकेत उमेदवार 1960 पासून टीव्हीवर समोरासमोर येतात. तिथेही सूत्रसंचालकावर पक्षपाताचे आरोप होतात, पण किती मिनिटे, कोणाचा माईक कधी बंद, हे आधी जाहीर असते. 2020 ची पहिली फेरी नुसत्या आरडाओरड्यात गेली, तेव्हा शेवटच्या फेरीत सुरुवातीच्या दोन मिनिटांसाठी दुसऱ्याचा माईक बंद ठेवण्याचा नियम झाला. आपल्याकडे उमेदवार समोर येत नाही, प्रवक्ता येतो, आणि नियम अँकरच्या खिशात.

म्हणून आम्ही ठरवले आहे. वाहिनीचा फोन आला तर संघटनेच्या कार्यकर्त्याने आधी विचारायचे: प्रश्न कोणत्या शब्दांत, समोर कोण, मिनिटे किती, थेट की कापून दाखवणार? उत्तर नसेल तर जायचे नाही. आणि येत्या निवडणुकीत आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा या चारही मतदारसंघांत उमेदवारांना आपल्या मंडपात बोलवायचे. घड्याळ आपले, प्रश्न आधी गावागावांतून लिहून आलेले, पहिला प्रश्न चिठ्ठी टाकून निघेल. सूत्रसंचालन कोणत्याही पक्षाचे पद नसलेल्या शेतकरी बाईने करावे, अशी आमची सूचना आहे. पुढच्या तालुका बैठकीला येताना गावचे तीन प्रश्न कागदावर उतरवून आणा.