किचन करून घ्या आणि तो फोटो आत ठेवा

आमचा पिंपरी-चिंचवडमधला वन बीएचके विकायला काढला आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे दोन्ही गुडघे गेलेले. पप्पांनी टर्नर म्हणून तीस वर्षं मशीनवर उभं राहून काढली आणि १९९९ साली कर्ज काढून हे घर घेतलं. आमच्या घराण्यातलं पहिलं स्लॅबचं घर. आता लिफ्टवाल्या इमारतीत जायचं तर याच घराच्या पैशात जमवावं लागणार. त्यामुळे पन्नास हजार इकडे की तिकडे, हा आमच्यासाठी किरकोळ प्रश्न नाही.

ब्रोकर आला, त्याने घर पाहिलं आणि दोन मिनिटांत निदान केलं. ‘काका, किचन करून घ्या. पार्टी हॉल बघून आत येते आणि किचन बघून परत जाते.’ कडाप्प्याचा ओटा फोडून ग्रॅनाइट, छतापर्यंत टाइल्स, खाली स्टीलच्या ट्रॉल्या, वर चिमणी. कोटेशन दोन लाख चाळीस हजार. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, ‘आणि राग मानू नका, पण दाखवायच्या दिवशी हॉलमधला तो मोठा फोटो आत ठेवा. मच्छी-मटणाचा वास तेवढा नको. घर कसं न्यूट्रल दिसलं पाहिजे.’

कोणता फोटो, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

कबूल करते, मी मान डोलावली. समाजशास्त्रात एम. ए., आता पीएच. डी., जात आणि शहर यावर सेमिनारमध्ये तासभर बोलू शकणारी मी, त्या रात्री लॅपटॉप उघडून किचनच्या खर्चाचा एक्सेल तक्ता बनवत बसले. आईने स्टूल ओढलं आणि फळीवरचा सुकटीचा डबा खाली काढला. काही बोलली नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण आपल्यातले शिकलेले लोक पहिला मुद्दा तोच काढतात. पंचवीस वर्षं जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या फ्लॅटची किंमत कशावर ठरते? कार्पेट एरिया, मजला, पार्किंग, पाणी, सोसायटीची कागदपत्रं. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि एरियातला भाव बघतो. तुमच्या ट्रॉल्या मोजत बसत नाही. घेणारा तर घेतल्यावर पहिलं काम काय करतो? ओटा फोडतो. त्याला त्याच्या पसंतीचा रंग हवा असतो, त्याच्या वास्तुवाल्याने शेगडीचं तोंड पूर्वेकडे करायला सांगितलेलं असतं. म्हणजे पप्पांच्या फंडातले अडीच लाख घालून आम्ही ग्रॅनाइट बसवायचा आणि सहा महिन्यांनी तो राडारोड्यात जायचा. गळणारा नळ, काळं पडलेलं वायरिंग, ओल आलेली भिंत हे नीट करा. तेवढं कोणत्याही घेणाऱ्याचं देणं लागतो आपण. ब्रोकर मात्र बाकीचा सगळा थाट सुचवतो, कारण पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत आणि सौदा लवकर मिटला की त्याचं कमिशन मोकळं होतं.

आता ‘न्यूट्रल’चं. या शब्दाची मला खरी चीड आहे. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये दारावर गणपतीची टाइल, किचनमध्ये देव्हारा, उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं. ते घर मागच्या वर्षी विकलं गेलं आणि कोणत्याही ब्रोकरने देव्हारा आत ठेवायला सांगितलं नाही. उलट जाहिरातीत ‘वास्तूप्रमाणे किचन’ असं मोठ्या अक्षरात होतं. म्हणजे एका घरातला धर्म घराची किंमत वाढवतो आणि दुसऱ्या घरातल्या भिंतीवरचा कोट-टायमधला माणूस किंमत पाडतो. बाजाराला जात कळत नाही असं अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. बाजाराला ती फोडणीच्या वासावरून कळते.

किचनच का, हेही बघा. जातीच्या घरात सगळ्यात आतली, सगळ्यात राखलेली जागा स्वयंपाकघराचीच. बाहेरचा ओटीवर, ओळखीचा माजघरात, चुलीपाशी फक्त आपला. सोवळं तिथे पाळलं जायचं. आज ‘प्युअर व्हेज किचन’ म्हणतात, तेव्हा तीच चौकट टाइल्स लावून विकत असतात. आणि आमचं स्वयंपाकघर? मराठवाड्यातून आलेल्या आजीने त्याच कडाप्प्यावर वजडी साफ केली, चान्या डब्यात भरून ठेवल्या. २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या मांसावर बंदी आली आणि त्या डब्यात शेंगदाणे आले. शाहू पाटोळे यांनी त्याच वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकाचं नाव ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ठेवलं, ते उगाच नाही. ज्या ताटाला कधी पूर्णब्रह्मात धरलंच नाही, त्याचा वास घरातून घालवायला आता आम्हीच अडीच लाख मोजायचे.

हे फक्त विकतानाच होतं असंही नाही. आम्ही लिफ्टवालं घर बघायला गेलो, तिथल्या ब्रोकरने आधी पूर्ण नाव विचारलं. मग म्हणाला, ‘सोसायटीत सगळे व्हेजच आहेत ताई, तुम्हालाच ऑकवर्ड होईल.’ आमच्या भल्यासाठी! चेन्नईत ‘ओन्ली व्हेजिटेरियन्स’च्या पाट्या लागतात. दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये आला. सवर्ण नावाला जवळपास सगळीकडे होकार, दलित नावाला नकार किंवा जास्तीच्या अटी, मुस्लिम नावाला त्याहून जास्त नकार. 

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांची नावं घेतं, फ्लॅटचं घेत नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम मान्य केला. मला तो निकाल वाचताना बडोदा आठवतं. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत उतरावं लागलं आणि लोक काठ्या घेऊन आले तेव्हा सामान उचलावं लागलं. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. ‘सगळे व्हेजच आहेत’ हे कुणी लेखी देत नाही, म्हणूनच लेखी मागा.

आता आपल्याच माणसांशी दोन शब्द. माझा एक मामेभाऊ आयटीत आहे. तो म्हणतो, ‘ताई, व्यवहारात भावना आणू नकोस. दोन तास फोटो आत ठेवलास तर बाबासाहेब रागावणार आहेत का? त्या पैशात आत्याला लिफ्ट मिळेल.’ हा मुद्दा हलका नाही. आईचे गुडघे माझ्या तत्त्वासाठी दुखत राहावेत असं मलाही वाटत नाही. ज्यांनी गरजेपोटी फोटो आत ठेवला, त्यांना मी नावं ठेवणार नाही. बडोद्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. पण भावनेचा व्यवहार आम्ही आणलेला नाही. फोटो बघून ज्याची पसंती बदलते, भावना त्याची आहे, आणि तिची किंमत आमच्याकडून वसूल होते आहे. शिवाय हे दोन तासांत संपत नाही. आधी फोटो, मग वास, मग फोनवर आडनाव सांगायच्या आधीची ती छोटी थांब. आपण पदवीधर झालो, आपली इंग्रजी सुधारली, आणि तिच्याबरोबर आपण हेही शिकलो की कुठे काय झाकायचं. याच मामेभावाने स्वतःच्या नव्या फ्लॅटमध्ये मटण शिजवायचं असलं की खिडक्या बंद करायच्या असा नियम केला आहे. स्वतःच्या घरात, ज्याचा हप्ता तो वीस वर्षं भरणार आहे.

मी एक्सेल बंद केलं. पप्पांनी प्लंबर बोलावून सिंकखालचा पाइप बदलला, वायरिंग करून घेतलं, भिंतीला चुना नाही पण बरा ऑइलपेंट मारला. सगळं मिळून एकवीस हजार झाले. ओटा कडाप्प्याचाच आहे. ब्रोकरला सांगितलं, फोटो जागेवर राहील, पार्टीला आधीच सांगून आणा म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, ‘भाव थोडा खाली येईल.’ किती खाली, ते विचारलं. आकडा त्याने सांगितला नाही, अजूनही सांगत नाही.

आतापर्यंत चार पार्ट्या येऊन गेल्या. एकीने बाथरूम लहान म्हटलं, दोघांनी नंतर फोन उचलला नाही. चौथा रेल्वेत नोकरीला, बायको नर्स. दोघं हॉलमध्ये फोटोसमोर क्षणभर उभे राहिले, मग बाईंनी किचनमध्ये जाऊन नळ सोडून पाहिला आणि आईला विचारलं, पाणी किती वाजता येतं. येत्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत. आईने सुकटीचा डबा फळीवर परत ठेवला आहे.