रंगाचा गाळ कोणाच्या दारात?

दोस्तांनो, या वेळी संपादकीय कवितेवर नाही. क्रांतीच्या व्याख्येवरही नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात रोज संध्याकाळी जे उरतं, त्यावर मी लिहितोय. थिनरचा गढूळ डबा, रंगानं कडक झालेल्या चिंध्या, मास्किंगचा कागद, हार्डनरचे रिकामे डबे, पेंट बूथच्या जाळ्या, टाकीतला चिकट गाळ. कुणाला हा विषय फालतू वाटेल. वाटू द्या. ज्याच्या हाताला हा गाळ कधी लागला नाही, त्याला तो फालतू वाटणारच.

गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख. तांदळाच्या गिरण्या, रेल्वेचं जंक्शन, रात्रंदिवस मालाची ने-आण. नागपूर-रायपूर हायवे याच जिल्ह्यातून सडक अर्जुनी, देवरीवरून जातो. जिथं ट्रक तिथं ठोकर, आणि जिथं ठोकर तिथं गॅरेज. पत्रा सरळ केला, लांबी भरली, घासली, प्रायमर मारला, रंग मारला, वरून क्लिअर मारला. गाडी आरशासारखी झाली. मालक चावी घेऊन गेला, विम्याचं बिल पास झालं. सगळे खूश.

पण रंगाचा हिशेब कुणी विचारत नाही. साध्या स्प्रे गननं मारलेल्या रंगातला निम्म्याहून जास्त भाग बऱ्याचदा पत्र्यावर बसतच नाही. तो धुक्यासारखा उडतो. जिथं पेंट बूथ आहे तिथं पंखा हे धुकं ओढून घेतो आणि जाळीत किंवा पाण्याच्या पडद्यात अडकवतो. बाहेरची हवा जरा बरी होते. विष मात्र नाहीसं होत नाही, जाळीत आणि टाकीच्या तळाशी साचतं. जिथं बूथ नाही, नुसतं प्लास्टिकचं कापड टांगलंय, तिथं ते रंग मारणाऱ्या पोराच्या छातीत साचतं. म्हणून बूथ हवाच. त्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. जाळी बदलली, तर जुनी जाळी गेली कुठं?

हा प्रश्न घेऊन मी गॅरेजांच्या दारांत उभा राहिलो. उत्तरं तीनच मिळाली. एक, "जाळून टाकतो." दोन, "नालीत सोडतो, पाण्यासंगं जाते." तीन, "सकाळी कचऱ्याची गाडी येते ना भाऊ, तिच्यात देतो."

तिन्ही उत्तरं तपासू.

जाळून टाकतो म्हणे! आजचा टिकाऊ रंग हा बहुतेक दोन डब्यांचा असतो, रंग आणि हार्डनर. त्यातून जो थर तयार होतो तो पॉलीयुरेथेनचा. तो उघड्यावर पेटवला की धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू येतात. रंगद्रव्यात शिसं किंवा क्रोमियम असेल तर ते जळून संपत नाही, राखेत राहतं. पहिल्या पावसात ती राख वाहते. आपल्या भागात पाणी वाहून कुठं जातं ते सांगायला नको. बोडीत, तलावात, धानाच्या बांधीत.

नालीत सोडतो म्हणे! थिनर म्हणजे टोल्युइन, झायलीन असले द्रव. ते पाण्यात फारसे मिसळत नाहीत, वर तरंगतात, त्यांची वाफ होते आणि ती वाफ ठिणगीनं पेटते. जमिनीत मुरले तर विहिरीपर्यंत पोचू शकतात. आणि तुंबलेल्या त्या नालीत उतरतो कोण? हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात माणूस मेला तर ३० लाख रुपये द्या, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. मेल्यावर ३० लाख. जिवंतपणी मात्र त्या माणसासाठी गॅरेजच्या कोपऱ्यात झाकणाचं एक पीप ठेवायला कुणाला सुचत नाही.

कचऱ्याच्या गाडीत देतो म्हणे! ओल्या चिंध्या, रंगाळलेल्या जाळ्या ढिगात दाबून ठेवल्या की काही रंगांच्या बाबतीत त्या आतल्या आत तापतात आणि पेट घेतात. पेटल्या नाहीत तरी पुढं ती पिशवी कुणीतरी उघडतो. हातमोजा नसलेला हात आत जातो. पत्र्याचा डबा भंगारात विकायचा म्हणून एक बाई तो दगडानं ठेचून चपटा करते. आत काय होतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

तिन्ही उत्तरांत एक माणूस गाळलेला आहे. पिशवीला गाठ मारली की मालकाच्या लेखी विषाचं केर होतं. आणि केर कुणी उचलायचा हे या देशात महापालिका-नगरपालिका जन्मायच्या आधीच ठरलेलं आहे. बाबासाहेबांचं ऐकून आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. आज ढोर डब्यातून येतं, त्याला वास थिनरचा असतो, एवढाच फरक. ओढायला बोलावणं जुन्याच वस्तीत येतं.

कायद्याला हे माहीत नाही, असं कुणी म्हणू नये. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत पहिली अनुसूची आहे. रंगाच्या औद्योगिक वापरातून उरणारा गाळ आणि वापरलेला थिनर तिच्यात २१ व्या नोंदीत आहे. रसायनांचे रिकामे डबे आणि माखलेल्या चिंध्या ३३ व्या नोंदीत आहेत. चिंधीसुद्धा लिहिलीय, दोस्तांनो! असा कचरा वेगळा ठेवायचा, वर नाव लिहायचं, साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, परवानगी असलेल्या केंद्रातच पाठवायचा, आणि तो गेला याचा कागद ठेवायचा. विदर्भासाठी असं सामाईक केंद्र नागपूर ओलांडून बुटीबोरीला आहे. गाड्यांची सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि पेंटिंग हा धंदा केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत 'नारिंगी' गटात टाकलेला होता. म्हणजे निरुपद्रवी धंदा म्हणून सोडून दिलेला नव्हता. कागदावर सगळं आहे. कागदावरून गॅरेजच्या दारापर्यंत यायला मात्र त्याला रस्ता सापडत नाही.

का सापडत नाही? माझं उत्तर साधं आहे. इंजिनाचं जळकं ऑइल बघा. त्याला भाव आहे, म्हणून ते न्यायला माणूस दारात येतो. त्याच्यासाठी सरकारनं २०२३ मध्ये नियम बदलले आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून घेण्याची जबाबदारी टाकली. रंगाच्या गाळाला भाव नाही. म्हणून त्याला वाली नाही. नफा निघतो तिथं व्यवस्था पोचते. नफा संपला की सफाई कामगार पोचतो.

शिशाचंही तसंच. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. चांगलं झालं. पण तो दिवाणखान्याच्या भिंतीसाठी. गाडीचा रंग त्या नियमात बसत नाही. गाडी घासणाऱ्या पोराच्या नाकात जी भुकटी जाते तिला मर्यादा कोण घालणार?

आता कुणी म्हणेल, गॅरेजवाला शत्रू आहे काय? नाही. गोंदियात, आमगावात, तिरोड्यात पत्रा ठोकणारे, लांबी घासणारे हात कुणाचे आहेत ते मी बघितलंय. आपलीच पोरं आहेत, शेजारच्या मोहल्ल्यातली आहेत. दहावी सुटलेलं पोरगं उस्तादाच्या हाताखाली येतं, पाच-सात वर्षांत गन धरायला शिकतं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, हे त्याला कुणी सांगत नाही. भोपाळला १९८४ मध्ये ज्यानं माणसं मारली ते मिथाइल आयसोसायनेट याच कुळातलं. रंगातलं आयसोसायनेट वेगळं आहे, तसं भराभर उडत नाही. पण त्यानं दमा जडतो. एकदा शरीर बिथरलं की मग थोड्याशा फवाऱ्यानंही श्वास कोंडतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. १९४८ चा कारखाना कायदा वीज वापरणाऱ्या जागी १० कामगारांपासून सुरू व्हायचा. २०२० च्या संहितेनं तो आकडा २० केला. तीन-चार पोरांचं गॅरेज तेव्हाही बाहेर, आताही बाहेर.

तेव्हा शत्रू कोण ते नीट ओळखा. रंग कंपनी डबा विकून मोकळी. गाडी कंपनी गाडी विकून मोकळी. विमा कंपनीच्या एस्टिमेटात रंगाची ओळ असते, मजुरीची ओळ असते. गाळाची ओळ नसते. ती ओळ नाही म्हणून गाळ नालीत जातो. छोट्या गॅरेजवाल्याला एक डबा घेऊन बुटीबोरीला जा म्हणणं ही थट्टा आहे. पण वीस गॅरेजांचा गाळ एकत्र आला तर एक गाडी भरते. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रदूषण मंडळ, नगरपरिषद आणि जिल्हा प्रशासनानं मिळून, रीतसर परवानगीनं, तालुक्याच्या गावी गोळा करायची जागा आणि ठरलेल्या दिवसाची गाडी द्यावी. खर्च रंग कंपन्यांवर टाकावा, ऑइलवाल्यांवर टाकला तसा. विम्याच्या बिलात गाळाची ओळ यावी.

आणि बुटीबोरीला गेलं म्हणजे पाप धुतलं, असंही मी म्हणत नाही. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा जागेवरून हलायला ४० वर्षं लागली. जानेवारी २०२५ मध्ये तो पिथमपूरला नेला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. का उतरू नयेत? एकाच्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात, हा तोडगा नव्हे. म्हणून आधी कमी करा. रंग लागेल तेवढाच कालवा. कमी दाबाची गन वापरा, तिच्यात रंग कमी उडतो. गन धुतलेला थिनर झाकणाच्या डब्यात निवू द्या, वरचा निवळ थिनर पुढच्या पहिल्या धुण्याला वापरा. चिंध्या झाकणाच्या लोखंडी पिपात, आगीपासून लांब ठेवा. जाळी, गाळ, डबे वेगळे ठेवा, वर मराठी-हिंदीत 'विष' लिहा. एवढं करायला कंपनीची वाट बघायची गरज नाही. उद्यापासून होतं.

सफाई कामगार भावांनो, बहिणींनो, तुम्हाला वेगळं सांगतो. रंगाचा वास येणारी पिशवी ही गावाचा केर नाही. ती उचलणं तुमच्या कामात बसत नाही. नाही म्हणा. एकट्यानं नाही म्हटलं तर मुकादम हजेरी कापेल. म्हणून सगळ्यांनी मिळून म्हणा, आणि लेखी द्या. अर्ज लिहायला, पोचपावती घ्यायला, मंडळाच्या भंडाऱ्याच्या कार्यालयात नेऊन द्यायला आमची पोरं तुमच्यासोबत येतील.

आणि तरुण दोस्तांनो, नुसती भाषणं ठोकू नका. आपापल्या गावातल्या गॅरेजात जा. उस्तादाशी भांडायला नव्हे, बोलायला जा. पुढचा अंक निघेपर्यंत प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारा. जुनी जाळी कुठं गेली? कागद असेल तर बघून या. नसेल तर गॅरेजवाल्यालाही सोबत घ्या, आणि तो कागद त्याला का मिळत नाही हे मंडळाला विचारायला चला.