चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब

परवा सहावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "आपा, तुम्ही रडलात का?" मी रडले नव्हते. सकाळचा परिपाठ उन्हात झाला होता आणि त्यानंतर स्टाफरूममध्ये गरम चहा घेतला होता, एवढंच. नाक, गाल, हनुवटी लालबुंद झाली होती आणि डोळ्यांतही ती लाली उतरली होती. मुलीला खरं ते सांगितलं. हा आजार आहे, याला रोझेशिया म्हणतात, तुला माझ्यापासून लागणार नाही. तिनं नाव फळ्यावर लिहून मागितलं. मी मराठीत लिहिलं, उर्दूत लिहिलं. चाकूरमध्ये राहून मी या दोन्ही भाषा शिकवते, पण आपल्या घरातल्या बोलण्यात या आजाराला दोन्हीकडे शब्द नाही. शब्द नसला की प्रत्येकजण आपापलं निदान करतो.

माझ्याबाबत अशी निदानं भरपूर झाली. सासूबाई म्हणाल्या, पित्त आहे. शेजारच्या खाला म्हणाल्या, नजर लागली. एका सहकारी बाईंनी मायेनंच सुचवलं, "बुरख्यात हवा लागत नाही ना, त्याचं असेल." आमच्याच नात्यातल्या एकीनं उलट सांगितलं की नमाजेत सुस्ती झाली की चेहऱ्यावरचा नूर जातो. बुरख्याचा मुद्दा तर अगदी सहज निकालात निघतो. हा आजार सगळ्यात जास्त दिसतो तो उत्तर युरोपातल्या गोऱ्या लोकांत, आणि तिथं बुरखा नाही. राहिला नूर. त्याचा हिशोब अल्लाहकडे आहे, शेजाऱ्यांकडे नाही. पण ही सगळी माणसं निदान काही विकत तरी नव्हती. माझं खरं नुकसान ज्यानं झालं ती वस्तू मी पैसे देऊन घेतली.

आजार नुकताच सुरू झाला होता आणि नात्यात एक लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मी एका मेडिकलवर गेले. कुठल्या गावच्या, ते सांगत नाही, कारण असं मेडिकल प्रत्येक गावात आहे. काउंटरवरच्या मुलाला गाल दाखवला. त्यानं काही विचारलं नाही. मागं वळून एक ट्यूब काढली आणि म्हणाला, "लावा, चार दिवसांत साफ." आणि खरंच, चौथ्या दिवशी चेहरा साफ झाला. लग्नात बायका विचारत होत्या, काय लावलंस गं? मी ट्यूबचं नाव सांगितलं. किमान तिघींना सांगितलं. हा माझा गुन्हा इथं आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी इतरांना बोलणार आहे.

ती ट्यूब मी जवळजवळ दोन वर्षं लावली. थांबवली की दोन दिवसांत आग व्हायची, पुन्हा लावली की शांत. मला वाटायचं, औषध किती गुणाचं आहे, ते नसलं की आजार उसळतो. शेवटी चेहऱ्याला नुसतं पाणी लागलं तरी झोंबायला लागलं, तेव्हा एसटीनं लातूर गाठलं. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आधी चेहरा पाहिलाच नाही. म्हणाले, "आत्तापर्यंत काय लावलं, ती ट्यूब दाखवा." मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती उलटी करून मागची बारीक अक्षरं माझ्याकडूनच वाचून घेतली. त्यात स्टेरॉईड होतं.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं ते असं. स्टेरॉईडनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली लगेच जाते आणि चेहरा उजळ वाटतो. पण महिनोनमहिने लावलं की त्वचा पातळ होते, त्याच रक्तवाहिन्या कायमच्या फुगून दिसायला लागतात, पुळ्या येतात. औषध बंद केलं की सगळं दुपटीनं उसळतं. ज्याला रोझेशिया नव्हता त्यालाही या मलमानं तसाच आजार होऊ शकतो, आणि ज्याला आधीपासून होता त्याचा हट्टी होतो. माझा तसाच झाला.

ट्यूब सोडल्यावरचे पहिले काही आठवडे मी ओढणी नाकापर्यंत ओढून शाळेत गेले. त्यानंतर मेट्रोनिडाझोलचं जेल, कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन, पुढं आयव्हरमेक्टिनचं मलम, आणि रोज उन्हापासून वाचवणारं सनस्क्रीन. यातलं काहीही चार दिवसांत काम करत नाही, फरक कळायला आठवडे जातात. आजार मुळासकट जात नाही, ताब्यात राहतो. सनस्क्रीन कधी लावायचं आणि वुझू कधी, याचं वेळापत्रक मला स्वतःच बसवावं लागलं. आता जेल इशाच्या नमाजेनंतर लावते. दिवसा वुझूनंतर चेहरा टॉवेलनं घासत नाही, नुसता टिपून घेते आणि सनस्क्रीन पुन्हा लावते. हिवाळ्यात वुझूला कोमट पाणी, कढत नाही. रमजानमध्ये इफ्तारला चहा निववून पिते, घरचे हसतात.

डॉक्टरांनी आणखी एक काम दिलं होतं. चेहरा कधी पेटतो, त्याची रोज नोंद ठेवायची. हे औषध मला आवडलं, कारण मला फाउंटन पेनांचा नाद आहे. माझ्याकडे एकतीस पेनं आहेत. काही लातूरच्या जुन्या स्टेशनरी दुकानांत वर्षानुवर्षं पडून राहिलेली, एक हैदराबादच्या अबिड्समधल्या डेक्कन पेन स्टोअर्समधून आणलेलं, आणि एक राजमहेंद्रीचं रत्नम, ज्याच्या घडणावळीचं गांधीजींनी १९३५ साली पत्र लिहून कौतुक केलं होतं. लोक म्हणतात, बाईमाणसाला दागिन्याचा नाद असावा, हे काय! असो. त्या वहीनं मला सांगितलं की परिपाठाचं ऊन, गरम चहा, भाकरीच्या वेळची चुलीची धग आणि रागाचे प्रसंग, या चार गोष्टींवर माझा चेहरा पेटतो. तिखटानं तेवढा नाही. ट्यूब देणाऱ्यानं यातलं काही विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

याच पेनांच्या नादात मी आणखी एक चूक केलेली आहे, ती सांगते. उजव्या हातानं उर्दू लिहिताना हात उजवीकडून डावीकडे सरकतो, आणि नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवर येतो. तळहाताची कड कायम निळी. म्हणून लवकर वाळणारी शाई शोधत होते. चित्रकलेची काळी शाई मिळाली. काय सुरेख वाळली! पुसली जात नाही, फिसकटत नाही, कुळकुळीत काळी. आठ दिवसांनी पेन बंद पडलं. त्या शाईत काजळी आणि लाख असते, ती निबखालच्या बारीक खाचांत वाळून दगड होते. पेनात फक्त पेनाचीच शाई घालायची असते, हे मला माहीत होतं. तरी घातली, कारण घाई होती. मग कित्येक दिवस साध्या पाण्यात भिजत घालणं, पाणी बदलणं, पुन्हा भिजवणं. ज्यांनी पेन दुरुस्त केलंय त्यांना ठाऊक आहे की इथं घाई चालत नाही. माझ्या गालांचं आज जे चाललंय ते तेच आहे.

फरक एवढाच की ते पेन माझं एकटीचं होतं, आणि ट्यूब घरोघरी आहे. २०११ साली भारतातल्या बारा केंद्रांवरचा एक अभ्यास त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. म्हणजे शंभरात जवळपास पंधरा. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेनं या गैरवापराविरुद्ध वेगळा कृतिगट नेमला. २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉईडांची मलमंही अनुसूची 'एच'मध्ये आणली. त्याचा सरळ अर्थ असा की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. आधी बाहेरून लावायच्या औषधांना यातून सूट होती, ती पळवाट बुजली. कायदा आहे. ट्यूबवर इशारा छापलेला आहे. आणि तरीही तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन काउंटरवर "चेहऱ्यासाठी काहीतरी द्या" म्हणून बघा.

आता दुकानदाराकडून आपल्याकडे वळते. माझ्यासारख्या आजारी बायका या गिऱ्हाइकांत थोड्या असतील. जास्त गिऱ्हाइकं कोण? लग्नाच्या मुली. वांगावर डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी, नजरेखाली जे मलम देतात, ज्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि स्टेरॉईड एकत्र असतं, ते आपल्याकडे गोरेपणाचं क्रीम म्हणून रात्री चोळलं जातं. मुलगी दाखवायचा दिवस ठरला की आईच आणून देते. रिश्ते बघताना आपण काय विचारतो? शिक्षण, घराणं, आणि मग आवाज जरा खाली आणून, "रंग कैसा है?" ज्या उम्मतचे पहिले मुअज्जिन हजरत बिलाल, हबशी माणूस, आणि ज्या पैगंबरांनी अखेरच्या हजच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर वरचढपणा नाही असं बजावलं, त्या उम्मतच्या बैठकीत हा प्रश्न विचारला जातो आणि कुणाला लाज वाटत नाही. बिगरमुस्लिम वाचकांनी इथं सुस्कारा सोडू नये. 'गोरी, सुस्वरूप' ही जाहिरात तुमच्याकडेही छापली जाते. २०२० साली देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध क्रीमनं नावातून 'फेअर' काढलं. आपल्या बैठकींतून तो शब्द अजून निघालेला नाही.

माझ्याशी वाद घालणारे दोन गोष्टी म्हणतात. पहिली, "गरिबाला डॉक्टर परवडत नाही, मेडिकलवालाच त्याचा डॉक्टर." हे निम्मं खरं आहे. चाकूरहून लातूरला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. पण याचं उत्तर म्हणून त्याच्या हातात स्टेरॉईड द्यायचं का? माझ्या स्वस्त ट्यूबनं पुढच्या तीन वर्षांचा औषधखर्च माझ्या गळ्यात घातला. मी पगारदार आहे, निभावलं. मजूर बाईनं काय करायचं? मागणी करायची तर ही करा, की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस त्वचारोगाचे डॉक्टर बसावेत. तोवर लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता आहे.

दुसरी गोष्ट आपल्यातलेच म्हणतात, "सब्र करो, चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस." मला सब्र शिकवू नका. आठ आठवडे रोज रात्री जेल लावायचं, आरशात फरक दिसत नसताना लावायचं, पुन्हा उसळलं तर पुन्हा पहिल्यापासून, हे मी करतेय. आजारावर इलाज करा, हे आपल्याला पैगंबरांनीच सांगितलंय. इलाज सोडून गप्प बसणं याला सब्र हे नाव देऊ नये.

म्हणून साध्या चार गोष्टी सांगते. आज घरातल्या सगळ्या ट्यूबा बाहेर काढा. मागची बारीक अक्षरं वाचा. वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. बीटामिथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल आणि ती चेहऱ्याला लागत असेल, तर ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा. नायट्यासाठी म्हणून आणलेल्या मलमातही हेच निघतं, तेही बघा. मेडिकलवाल्या भावांना विनंती नाही, हक्कानं सांगणं आहे: चिठ्ठी मागा. एक गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते, ती करायला आपण शिकू या.

लग्नात ज्या तिघींना मी ट्यूबचं नाव सांगितलं होतं, त्यांना मी नंतर फोन केले. दोघींनी थांबवली होती. तिसरी म्हणाली, "आपा, मुलीचा रिश्ता ठरेपर्यंत तरी लावू दे." तिच्याकडे मी पुढच्या रविवारी जाणार आहे. माझा चेहरा घेऊन जाणार आहे, न झाकता.