बुरशीचे छप्पर

बुरशी म्हटले की आपण नाक मुरडतो. पावसाळ्यात ती चपलांवर चढते, लोणच्यावर येते, पुस्तकांची पाने खाते. हिला घरात कोण ठेवील? परंतु हीच बुरशी आपल्या डोक्यावरचे ऊन अडवू शकते, असे कोणी म्हटले तर त्याला वेड्यात काढण्यापूर्वी थोडे ऐकून घ्यावे.

शीव-कोळीवाड्यात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर बसून एप्रिलमध्ये मी परीक्षेचा अभ्यास करतो. पंखा लावला तर तोही गरम वाराच ओततो. काही शेजाऱ्यांनी पत्र्याखाली थर्माकोल लावला आहे. तो ऊन अडवतो खरा; पण फेकल्यावर कुजत नाही आणि पेटला की काळा धूर ओकतो.

यावर बुरशीचा उपाय आहे. शेतातला काडीकचरा बारीक करून वाफवतात, त्यात बुरशीचे बियाणे मिसळून साच्यात भरतात. पांढरे तंतू काड्यांतून पसरतात आणि काही दिवसांत सारे घट्ट बांधून टाकतात. मग तापवून वाळवले की बुरशी मरते. उरते ती हलकी, पोटात हवा कोंडून धरणारी फळी. या कोंडलेल्या हवेमुळेच उष्णता अडते. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली अशा सुमारे १०,००० विटांचा मनोरा उभारला होता. काम संपल्यावर त्याचे खत केले.

हे सारे साता समुद्रापलीकडचे वाटेल. पण आपल्या शेजारी, माटुंग्याला, १९२४ साली सुरू झालेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. कापूस वेचल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्यांपासून फळ्या करण्याचे आणि त्याच पऱ्हाट्यांवर धिंगरी अळंबी वाढवण्याचे काम तिथे झाले आहे. एरवी या पऱ्हाट्या चुलीत जातात, नाहीतर शेतातच जाळल्या जातात. फळी आणि अळंबी यांची सोयरीक जुळवणे इतके का अवघड असावे?

आपल्या चार महिन्यांच्या पावसात ही फळी ओल धरील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच तिची परीक्षा प्रदर्शनाच्या दालनात नव्हे, शीवच्या पत्र्याखाली व्हावी.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. फळी कशी करावी हे शास्त्रज्ञांनी सांगावे. ती आधी वातानुकूलित कचेरीत लागावी की पोटमाळ्यावर, हा प्रश्न मात्र आपला आहे. तो आपण विचारला नाही, तर फळी तयार होईल आणि आमचा पत्रा तसाच तापत राहील.