रुमालाखालचा भाव

दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : "जुन्या गाडीचे काय करायचे?" मुलगा नोकरीला लागलेला असतो, बोनस हाती आलेला असतो, पाडव्याला नवी गाडी दारात उभी करायची असते, आणि अंगणात दहा वर्षे इमानाने राबलेली स्कूटर जागा अडवून बसलेली असते. दुसऱ्या एखाद्या घरी याच्या नेमके उलट. तिथली मुलगी सेवाग्रामला किंवा सावंगीला शिकायला जाऊ लागलेली असते, तिला एखादी जुनी पण धड गाडी हवी असते, आणि नवी घेण्याची ऐपत या वर्षी नसते. एकाला विकायची आहे, दुसऱ्याला घ्यायची आहे. पूर्वी या दोघांची गाठ गल्लीतला मेकॅनिक घालून देई, नाहीतर कचेरीतला एखादा उद्योगी कारकून. आज ते काम खिशातला फोन करतो.

सोय मोठी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ओएलएक्सवर किंवा फेसबुकच्या मार्केटप्लेसवर चार फोटो टाकले, की आर्वीची गाडी नागपूरच्या माणसाला दिसते आणि तासाभरात विचारणा सुरू होते. पण ज्या बाजारात कोणाचाच चेहरा दिसत नाही, तिथे चोराला मुखवटासुद्धा घालावा लागत नाही. म्हणून फराळाच्या ताटाबरोबर या बाजारातले तीन डाव आणि त्यांवरचे उतारे वाचकांपुढे ठेवावेत असे आम्हांला वाटले.

वर्धेकरांना दुचाकीची हकीकत तशी परकी नाही. ज्या बजाजांच्या नावाने आपल्याकडे स्कूटर ओळखली गेली, त्यांची पेढी इथलीच. जमनालालजींना नातू म्हणून दत्तक घेणारे शेठ बच्छराज वर्ध्याचे, आणि आजच्या बजाज ऑटोची सुरुवात १९४५ साली झाली ती 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या नावाने. पुढे एक काळ असा होता, की स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि हाती आलेली स्कूटर दुसऱ्याला दिली तर नव्याहून जास्त पैसे सुटत. त्या वेळी माणूस टंचाईपायी नाडला जाई. आज तो स्वस्ताईपायी नाडला जातो.

पहिला डाव याच स्वस्ताईचा. पंचावन्न-साठ हजारांना जाईल अशी जवळजवळ नवी स्कूटर बावीस हजारांत दिसते. फोन केला की पलीकडून खणखणीत आवाज येतो, "जय हिंद, साब!" विकणारा लष्करात आहे, त्याची बदली जम्मूला झाली आहे, दोन दिवसांत निघायचे आहे, म्हणून पडेल भावात देतो आहे. लगेच त्याचे ओळखपत्र, कँटीनचे कार्ड आणि गणवेशातला फोटो आपल्या फोनवर येऊन पडतात. आपल्या जिल्ह्यात तर पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. गणवेशातली माणसे आपण स्टेशनावर, बाजारात नेहमी पाहतो आणि त्यांच्याविषयी मनात आदर बाळगतो. ठक हा आदरच भांडवल म्हणून वापरतो. गाडी पाहायला येऊ म्हटले तर उत्तर ठरलेले : "छावणीत बाहेरच्याला प्रवेश नाही, गाडी लष्करी ट्रकने घरपोच येईल. फक्त वाहतुकीचे तीन हजार पाठवा." ते पाठवले की कर भरायचा असतो, मग फाटकाच्या पासाचे पैसे, मग 'परत मिळणारी' अनामत. प्रत्येक रकमेबरोबर शिक्क्याची पावती येते. गाडी मात्र येत नाही. लक्षात ठेवावे, की खासगी स्कूटर विकून ती घरपोच करण्याचा धंदा लष्कर करीत नाही. ओळखपत्र खरे असले, तरी ते भलत्याच एखाद्या बिचाऱ्या जवानाचे असते. मागे कधी आपली गाडी विकताना त्याने ते कोणाला तरी भरवशाने पाठवलेले असते.

हे कोण्या एकट्यादुकट्याचे काम असेल असे समजू नये. हरियाणातल्या नूह जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या मेवातात, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ५,००० पोलिसांनी एका रात्रीत १४ गावांवर छापे घातले आणि साठांहून अधिक जणांना पकडले. देशभरातले सुमारे २८,००० गुन्हे आणि शंभर कोटींच्या घरातली फसवणूक या मंडळींशी जोडली गेल्याचे पोलिसांनी नंतर सांगितले. त्या भागात पितळेची वीट सोन्याची म्हणून प्रवाशांच्या गळ्यात मारण्याचा उद्योग जुनाच. वीट जाऊन तिच्या जागी स्कूटरचा फोटो आला, इतकेच. गावातले सगळेच तसले नव्हेत हे उघड आहे. पण पलीकडचा आवाज वर्ध्यातून बोलतो आहे की हजार किलोमीटरांवरून, हे आपल्याला फोनवर कळत नाही, हेही तितकेच उघड आहे.

दुसरा डाव विकणाऱ्यावरचा. तुम्ही स्कूटरची किंमत तीस हजार सांगता, आणि गिऱ्हाईक एका पैशाचीही घासाघीस न करता "चालेल" म्हणते. इथेच गृहिणीने कान टवकारावेत. आपल्याकडे कोथिंबिरीची जुडीसुद्धा घासाघीस केल्यावाचून घरात येत नाही; मग हा कर्ण कोठला? तो म्हणतो, "ताई, आगाऊ पैसे पाठवतो. तुमच्या फोनवर चौकोनी ठिपक्यांचे चित्र येईल, ते स्कॅन करा आणि पिन टाका, की पैसे जमा." विश्वास बसावा म्हणून आधी पाच रुपये खरोखरच पाठवतो. पुढच्या खेपेला मात्र पाच हजार येण्याऐवजी जातात. "चूक झाली, परत करतो" म्हणून तो दुसरे चित्र पाठवतो, आणि आणखी पाच हजार जातात.

यावरचा उतारा एका वाक्याचा आहे आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पाठ करून घ्यावा : पैसे घेताना पिन कधीही लागत नाही. पिन ही आपल्या तिजोरीची किल्ली. ती फिरली की पैसे बाहेरच जाणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवरून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली आणि ठकांची एक वाट बुजली. पण ठिपक्यांच्या चित्राची वाट मोकळीच आहे. तसेच "पैसे पाठवले" असा संदेश किंवा फोटो कोणी दाखवला, तर तो पुरावा मानू नये. आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत किल्ली आपल्या हातीच असावी. आणि चक्कर मारून बघतो म्हणणाऱ्याला एकट्याला सोडू नये. मागे आपले माणूस बसवावे.

आता तिसरा डाव. हा सर्वांत धूर्त, कारण इथे गाडी खरी असते, कागद खरे असतात, आणि समोरासमोर आलेली दोन्ही माणसेही खरी असतात. समजा, वर्ध्याच्या एका शिक्षकांनी आपली मोटार तीन लाखांना विकायला काढली. एक गृहस्थ फोन करतो : "सर, किंमत मान्य. माझ्या मेहुण्यासाठी घेतो आहे, तो उद्या बघायला येईल. आमचा आपसांत देण्याघेण्याचा हिशेब आहे, तेव्हा त्याच्यापुढे किमतीचा शब्द काढू नका." मग हाच गृहस्थ त्याच मोटारीचे तेच फोटो स्वतःची गाडी म्हणून टाकतो, किंमत दोन लाख. हिंगणघाटच्या एका दुकानदाराला ती दिसते. त्याला सांगण्यात येते, "गाडी वर्ध्याला माझ्या भावाकडे आहे. भाऊ, तुम्ही जाऊन नीट बघा. फक्त त्याच्याशी भावाचे बोलू नका, आमच्यात वाटणीवरून कुरबूर आहे." दुकानदार येतो, गाडी पाहतो, चहा घेतो, आणि अंगणात उभ्या उभ्या दोन लाख त्या तिसऱ्याच्या खात्यात पाठवून किल्ली मागतो. शिक्षक म्हणतात, "माझे पैसे कुठे?" मग दोन सज्जन माणसे एकमेकांना चोर म्हणत पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतात. खरा चोर फोन बंद करून मोकळा झालेला असतो.

आमच्या जुन्या वाचकांना यावरून 'हत्ता' आठवला असेल. बाजारात दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटे दाबीत आणि भाव ठरवीत. ज्याच्या घामाचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे बघे. आत काय ठरले ते दलाल सांगेल तेवढेच त्याला कळे. हा रुमाल दूर व्हायला फार वर्षे लागली. शेजारच्या वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजाराचा कायदा १८९७ साली झाला. १९२८ साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली बाजार समित्यांतून उघड लिलावाचा रिवाज पक्का झाला. एवढ्या खटपटीने आपल्या आजोबा-पणजोबांनी जो रुमाल काढून घेतला, तो आपण फोनवरच्या अनोळखी माणसाला पुन्हा हातावर टाकू देतो. "किमतीचे बोलू नका" असे जो सांगतो, त्याने रुमाल टाकला असे समजावे.

तेव्हा उतारा हाच, की भाव उघड बोलावा. गाडी पाहायला आलेल्याला चहाच्या आधी विचारावे, "तुम्हांला किंमत किती सांगितली? पैसे कोणाला देणार?" विचारायला संकोच वाटत असेल, तर दोन लाख गेल्यावर वाटणारा संकोच याहून मोठा असतो. पैसे द्यायचे ते आर.सी. पुस्तकावर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात. त्याच्या भावाच्या नाही, मेहुण्याच्या नाही आणि 'साहेबांच्या' तर नाहीच नाही. आर.सी.वरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव ताडून पाहावे. चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर गाडीवर स्वतः वाचावा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की नोंदणी, विमा आणि बँकेचा बोजा आहे की नाही, ते कळते. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती येईपर्यंत थांबावे. थकलेले दंडही पाहून घ्यावेत, नाहीतर दुसऱ्याने मोडलेल्या सिग्नलचे पैसे आपण भरतो.

विकणाऱ्याने एवढ्यावर सुटलो असे मानू नये. पैसे मिळाले, गाडी गेली, आता नावाचे घेणारा पाहून घेईल, ही समजूत फार महागात पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या करून एक प्रत जवळ ठेवावी, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे, की गाडी हातोहाती कितीही पुढे गेली असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते. 'एम.एच. ३२' च्या पुढे आपले नाव जोवर आहे, तोवर ती गाडी रात्री कोठे फिरते याची काळजी आपलीच. विम्याचे नावही घेणाऱ्याने १४ दिवसांत बदलून मागायचे असते.

इतके करूनही एखादा फसला तर? तर आधी फोन, मग रडणे. १९३० हा देशभरचा मदत क्रमांक आहे. त्यावर जितक्या लवकर कळवावे तितकी चोराच्या खात्यातली रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची आशा अधिक. हा आकडा वर्धेकराला विसरता यायचा नाही : १९३० साली दांडीयात्रेला निघालेले गांधीजी स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमतीला परतायचे नाही असे म्हणून निघाले, म्हणून तर पुढे सेवाग्राम आपल्या वाट्याला आले.

आणि एक विनंती घरातल्या सर्वांना. फसलेला माणूस पहिले दोन दिवस गप्प बसतो, कारण त्याला पैशांपेक्षा घरच्यांच्या बोलण्याची धास्ती अधिक असते. "तुला अक्कल नाही का?" हे वाक्य ऐकावे लागेल म्हणून वडील मुलापासून लपवतात, मुलगा वडिलांपासून लपवतो, आणि तेवढ्या वेळात पैसे दहा खाती फिरून येतात. ज्या घरात चूक मोकळेपणी सांगता येते, त्या घरात चोराला कमी वेळ मिळतो. रागवायचेच असेल तर १९३० ला फोन लावून झाल्यावर रागवावे.

नवी असो की जुनी, दारात येणाऱ्या गाडीला झेंडूची माळ जरूर घाला. पण माळेआधी आर.सी.वरचे नाव वाचा, आणि भाव मोठ्याने बोला. ही दिवाळी आपणां सर्वांना सुखाची आणि बिनघोराची जावो!