मुकादमाला कोण शिकवणार?

हल्ली नेतृत्व शिकवण्याचे पेव फुटले आहे. रियाध, जेद्दा, दम्माम येथील मोठ्या हॉटेलांतून दोन-दोन दिवसांची शिबिरे भरतात. मॅनेजर मंडळींना नेतृत्वाचे प्रकार समजावून सांगितले जातात, चौकटीत बसवण्याजोगे प्रमाणपत्र मिळते, आणि दुपारचे जेवणही चांगले असते. या शिबिरांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मात्र तेथे कोणाला बोलावले जाते आणि कोणाला नाही, इकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

सौदी अरेबियात राबणाऱ्या सामान्य माणसाचा 'साहेब' म्हणजे कंपनीचा अध्यक्ष नव्हे. अध्यक्ष त्याने भिंतीवरच्या फोटोतच पाहिलेला असतो. त्याचा खरा साहेब म्हणजे साइटवरचा फोरमन, आपल्या भाषेत मुकादम. ओव्हरटाइमचे तास कोणाच्या नावावर मांडायचे, आजारी माणसाला दवाखान्यात आज पाठवायचे की उद्या, सुट्टीचा अर्ज वर न्यायचा की खिशातच ठेवायचा, हे तोच ठरवतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी बारा ते तीन उघड्या उन्हात काम घेऊ नये, असा येथे सरकारी नियम आहे. नियम मंत्रालयात होतो. पण बाराला पाच कमी असताना "एवढा स्लॅब उरकूनच थांबू" म्हणायचे की माणसे सावलीत आणायची, हे मुकादमाच्या जिभेवर असते. उन्हाने भोवळ येऊन कोसळणाऱ्या गवंड्याला नेतृत्वशैली कळते ती एवढीच. या देशात कामगार संघटनांना परवानगी नाही. मंत्रालयात तक्रार करता येते, आपल्या वकिलातीचे दारही ठोठावता येते. परंतु रोजच्या बारीकसारीक गाऱ्हाण्यांसाठी कोणी तेथवर जात नाही. म्हणजे कामगाराचा वर जाणारा आवाज बहुतेक वेळा एकाच माणसाच्या तोंडून जातो.

आणि हा मुकादम होतो तरी कसा? हात चांगला चालतो, थोडीफार अरबी येते, चार वर्षे टिकला आहे, म्हणून. रात्री वेल्डर म्हणून निजलेला माणूस सकाळी फोरमन म्हणून उठतो. हाताखाली तीस माणसे: कोणी बिहारचा, कोणी केरळचा, कोणी नेपाळी, कोणी बांगलादेशी, एखादा आपला रत्नागिरीकडचा. चूक दाखवताना माणसाचा पाणउतारा कसा टाळावा, आणि "साहेब, हे उद्यापर्यंत होणार नाही" असे वरच्याला कसे सांगावे, हे त्याला कोणीही शिकवलेले नसते. मग जे पाहिले तेच तो करतो. वरून शिव्या आल्या की व्याजासकट खाली पाठवतो.

दरडावल्याशिवाय काम होत नाही, असे पुष्कळांचे मत असते. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेला प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. मुले मुखवटे तयार करीत होती. एका ठिकाणी पुढारी नुसता हुकूम सोडी, दुसरीकडे मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी, तिसरीकडे सगळे मुलांवर सोडून देई. तिसऱ्या प्रकारात गोंधळच फार झाला. हुकूम सोडणाऱ्याच्या गटात काम भरपूर झाले, पण तो डोळ्यांसमोर असेपर्यंतच. तो खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबत. विचारून काम करणाऱ्यांच्या खोलीत पुढारी नसतानाही मुखवटे होत राहिले. येथल्या साइटींवर साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला आयोवाला जाण्याचे कारण नाही.

दुसरी रीत या देशाला ठाऊक नाही असेही नाही. अली अल-नैमी हा मुलगा १९४७ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, अराम्कोमध्ये हरकाम्या म्हणून लागला. कंपनीच्या शाळेत शिकला. पुढे कंपनीनेच त्याला अमेरिकेत पाठवले. १९६२ मध्ये लीहाय विद्यापीठाची भूगर्भशास्त्राची पदवी आणि १९६३ मध्ये स्टॅनफर्डची पदव्युत्तर पदवी घेऊन तो परतला. त्यानंतर निरनिराळ्या खात्यांतून, निरनिराळ्या जबाबदाऱ्यांवरून फिरत तो १९८४ साली अराम्कोचा पहिला सौदी प्रेसिडेंट झाला. १९९५ ते २०१६ अशी एकवीस वर्षे ते देशाचे तेलमंत्री होते. हे शिक्षण दोन दिवसांचे नव्हते. सदतीस वर्षांचे होते. अराम्को काही धर्मशाळा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकनांची वस्ती वेगळी, सौदींची वेगळी, पगारातही अंतर. १९५३ साली हजारो सौदी कामगारांनी तेथे संप केला, आणि १९५६ च्या शाही हुकुमाने संपालाच बंदी आली. पण हाताखालच्या पोरातून उद्याचा साहेब घडवायचा, हे धोरण कंपनीने राबवले, ते तिच्या फायद्याचेही ठरले. आज अनेक कंपन्यांतून आपल्या इंजिनिअरांचा मुदीर हा तिशीतला सौदी तरुण असतो, कधी तरुणी. त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचा खर्च होतो, आणि तो झालाच पाहिजे. परदेशी मुकादमावर मात्र कोणी रियाल खर्च करीत नाही. तो उद्या जाणारा पाहुणा!

आता थोडे आपल्या शाळांविषयी, कारण वरच्याला भिणे आणि खालच्यावर गुरगुरणे ही जोडसवय बऱ्याच अंशी तेथेच लागते. जेद्दाची भारतीय शाळा १९६९ पासूनची, रियाध व दम्मामच्या १९८२ च्या. हजारो मुले शिकतात, निकाल उत्तम लागतात. सीबीएसईच्या शाळांतील शिक्षकांना आता वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. पण मुलांच्या वाट्याला नेतृत्व येते ते कोणत्या रूपात? पदग्रहण समारंभ, खांद्यावर पट्टा, छातीवर बिल्ला, आणि बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा अधिकार. म्हणजे नेता तो, जो वर नावे कळवतो! हीच मुले पुढे साइटवर जातात. शिक्षकांचीही स्थिती फारशी निराळी नसते. नोकरी कराराची, बऱ्याच शिक्षिका पतीच्या व्हिसावर आलेल्या. प्राचार्यांना किंवा पालकांच्या व्यवस्थापन समितीला "हे बरोबर नाही" असे सांगण्याची उमेद कोठून यावी? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकापासून सगळी कामे वाटून करीत. भाकरी करपली तर करपलेली सगळ्यांनीच खायची. बिल्ला कोणालाच नव्हता. आमच्या मते एखाद्या वर्गाला वार्षिक क्रीडादिनाचा खर्च आणि हिशेब सोपवून पाहावा. शेदोनशे रियालांचा घोळ होईल, होऊ द्यावा.

आणि कंपन्यांनी मे महिन्यात, दुपारच्या बंदीचे दिवस सुरू होण्याआधी, मुकादमांचा वर्ग घ्यावा. तो हॉटेलात नको, कॅम्पच्या खानावळीत चालेल. इंग्रजी फळेपट्टी नको. हिंदी-उर्दूत बोलणारा, स्वतः साइटवर उभा राहिलेला माणूस हवा. चार संध्याकाळी पुरेत: ऊन लागल्याच्या खुणा ओळखणे, हजेरी खरी मांडणे, दोघांचे भांडण ऐकून घेणे, आणि साहेबाला नाही म्हणणे. या चौथ्या संध्याकाळी साहेबांनाही समोर बसवावे. मात्र वर्गाचे तास ड्यूटीत धरावेत. नाहीतर दिवसभर राबून आलेला माणूस तेथे डुलक्या घेईल, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसेल.